भिंत, बराक आणि भामरागडची बस

(दृश्य: वर्धा रोड. वरून मेट्रो जाते, खाली रस्त्याच्या कडेने लांबच लांब भिंत.)

रहाटे कॉलनी मेट्रो स्थानकावर उतरून अजनीकडे चालू लागलं, की नागपूर मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. हा तुरुंग १८६४ चा. मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झालं आणि नव्या राजधानीला मोठा तुरुंग हवा होता. त्यासाठी तेव्हाच्या वस्तीबाहेरची जागा निवडली गेली. आज ती जागा भर शहरात आहे. तुरुंग जागचा हलला नाही. शहरच वाढत वाढत त्याच्याभोवती आलं.

तुरुंग कुठे बांधला जातो, आत जागा कशी वाटली जाते, आणि कोण किती लांबून तिथे पोचतो, हे प्रश्न विचारणारी भूगोलाची एक शाखा आहे. तिला कारावासाचा भूगोल म्हणता येईल. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ डॉमिनिक मोरान यांनी तिला नाव आणि चौकट दिली. अमेरिकेत भूगोलतज्ज्ञ रूथ विल्सन गिल्मोर यांनी कॅलिफोर्नियातले तुरुंग अभ्यासले. १९८४ नंतर तिथे २३ मोठे तुरुंग उभे राहिले. पडून असलेली शेतजमीन, गुंतवणुकीच्या शोधातला पैसा आणि रोजगार गेलेली माणसं या तिन्हींचा या बांधकामाशी काय संबंध, हे त्यांनी मांडलं.

(दृश्य: वर्तुळाकार इमारतीचं रेखाचित्र, मध्ये मनोरा.)

तुरुंगाच्या रचनेचा विषय निघाला की पहिलं नाव येतं इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचं. त्याने १७९१ मध्ये पॅनॉप्टिकॉनचा आराखडा छापला: मध्ये मनोरा, भोवती कोठड्या, एकाच पहारेकऱ्याची सगळ्यांवर नजर. १९७५ मध्ये फ्रेंच विचारवंत मिशेल फूकोने त्यावर आधुनिक सत्तेचा सिद्धान्त उभा केला. अंदमानचं सेल्युलर जेल या विचाराच्या जवळ जातं. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात शाखा होत्या. एका शाखेच्या कोठड्यांची दारं पुढच्या शाखेच्या पाठीकडे उघडत, म्हणजे समोरच्या बंदीचा चेहरासुद्धा दिसू नये.

पण हा नमुना भारतातल्या सगळ्या तुरुंगांवर लावणं ही नवख्या अभ्यासकाची नेहमीची चूक. नागपूरच्या तुरुंगात ‘बडी गोल’, ‘छोटी गोल’ ही विभागांची नावं ऐकून लगेच बेंथम आठवतो. प्रत्यक्षात वसाहतकाळातले बहुतेक तुरुंग कोठड्यांचे नव्हतेच, ते सामायिक बराकींचे, म्हणजे अनेक बंदी एकत्र ठेवायच्या मोठ्या खोल्यांचे होते. प्रत्येकाला वेगळी कोठडी बांधणं सरकारला महाग पडत होतं. पहाऱ्याचं कामही बऱ्याच अंशी बंदींमधूनच निवडलेले वॉर्डर करत. रात्री कुलूप लागलं की आत काय चाललंय हे मनोऱ्यावरून दिसत नसे. म्हणून इथे नजरेपेक्षा गर्दी मोजणं जास्त महत्त्वाचं.

(दृश्य: फरशीवर खडूने आखलेला आयत, ८ फूट बाय ५ फूट.)

आता हा आयत नीट पाहा. केंद्राच्या आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे बराकीत दर बंद्यामागे ३.७१ चौरस मीटर जमीन, १५.८३ घनमीटर हवा आणि १.१२ चौरस मीटर खिडकी-झरोका हवा. आकडे असे तुटक का? फुटांत मांडा, लगेच उलगडतं. ३.७१ चौरस मीटर म्हणजे ४० चौरस फूट, आठ बाय पाचचा तुकडा. हवेच्या आकड्याला जमिनीच्या आकड्याने भागलं की छताची उंची निघते, सुमारे १४ फूट. म्हणजे मीटरच्या वेषातलं हे जुनं फुटांचंच माप आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ च्या अखेरीस देशातले तुरुंग सरासरी १३१.४ टक्के भरलेले होते, आणि दर चार बंद्यांतले तीन न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. वीस जणांच्या बराकीत हे प्रमाण लावून बघू. माणसं होतात २६. प्रत्येकाच्या वाट्याला येते २.८५ चौरस मीटर जमीन आणि ०.८६ चौरस मीटर झरोका. आठ फुटी आयत सहा फुटांवर येतो, म्हणजे पाय लांब केले की दुसऱ्याच्या अंगाला लागतात.

इथेही एक फसगत होते. पूर्ण तुरुंगाची संख्या पूर्ण क्षमतेने भागली, तर महिला विभागातल्या किंवा वेगळ्या कोठड्यांतल्या रिकाम्या जागा न्यायाधीन बराकींची गर्दी झाकून टाकतात. हिशेब बराकवार करा. नाहीतर तो करूच नका.

(दृश्य: मे महिना. भर दुपारी तापलेली वीटभिंत.)

नागपुरात हा हिशेब आणखी टोचतो. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. जाड वीटभिंत दुपारचं ऊन पिऊन घेते आणि कित्येक तासांनी आतल्या बाजूला सोडते. भिंत जितकी जाड, तितका उशीर. संध्याकाळी बंद्यांची गिनती (मोजणी) होते, बराकींना कुलूप लागतं, आणि भिंत तापवू लागते ती नेमकी त्यानंतर. शांत पडलेल्या माणसाच्या अंगातून साधारण ८० वॉट उष्णता निघते. २६ माणसांची मिळून झाली दोन किलोवॉटच्या वर, म्हणजे हजार वॉटचे दोन हीटर रात्रभर चालू. पंखा हीच हवा फिरवतो, ती थंड करत नाही. तापमान मोजायचं तर अंगणात दुपारी दोनला मोजून भागत नाही. बराकीत, झोपलेल्या माणसाच्या उंचीवर, रात्री दहा ते पहाटे चार मोजावं लागतं.

जागेची वाटणी फक्त चौरस मीटरमध्ये होत नाही. कोणाला कुठली बराक आणि कोणाच्या हाती झाडू, हे काही राज्यांच्या नियमावल्यांत जातीवरून ठरत होतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. रकाना गेल्यावर झाडलोटीच्या कामाची यादी खरंच बदलली का, हे आता पाहिलंच पाहिजे.

(दृश्य: मुलाकातीसाठी थांबलेल्या बायका. हातात पिशव्या, पाण्याच्या बाटल्या.)

तुरुंग पूर्ण बंद असतो हा समज मोरान यांनी खोडला. जेवणाचं सामान, कर्मचारी, वकील, पत्रं आणि बातम्या भिंतीतून रोज ये-जा करतात. यातला सगळ्यात महागडा प्रवास नातेवाइकांचा असतो.

समजा नागपूरच्या तुरुंगातल्या बंद्यांची गावं नकाशावर मांडायची आहेत. सोपा मार्ग म्हणजे जिल्ह्याचा मध्यबिंदू धरून सरळ रेषा ओढायची. गडचिरोलीसाठी हा मार्ग साफ चुकतो. जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, उत्तर-दक्षिण लांबट. उत्तरेकडच्या वडसा-देसाईगंजचा माणूस एका दिवसात नागपूर करून परततो. दक्षिणेकडचं भामरागड मात्र नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर, रस्त्याने साडेतीनशेच्या आसपास. पावसाळ्यात वाटेतली पर्लकोटा नदी पुलावर चढली की ते अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थच उरत नाही.

म्हणून गावपातळीवर नोंद ठेवा: घरून निघाल्याची वेळ, किती गाड्या बदलल्या, भाडं, बुडालेली मजुरी, फाटकाबाहेर थांबलेले तास, आणि प्रत्यक्ष भेटीची मिनिटं. गाव आणि नाव एका तक्त्यात ठेवू नका. लहान गावात एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. दूरचित्र मुलाकातीची, म्हणजे व्हिडिओवरून भेटण्याची सोय आता आहे, पण जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे त्यासाठीही तालुक्याला यावं लागतं, तो प्रवासही मोजा.

आणि परतीची वेळ विसरू नका. बहुतेक तक्ते भेट झाली की थांबतात. दुपारी उशिरा भेट झालेली बाई नागपुरातल्या गणेशपेठच्या एसटी स्टँडवर पोचते, तेव्हा पुढची गाडी सकाळी असली तर ती रात्र कुठे काढते, हाही एक रकाना आहे.