एकाच नटाचे दोनदा पैसे

नमस्कार श्रोतेहो.

गणपती आटोपले, चाकरमानी मुंबईला परतले, की आमच्या रत्नागिरीत गाड्या बोलायला लागतात. खड्... खड्... पुढच्या चाकातून. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय, त्याचा हिशेब रस्त्यावर दिसो न दिसो, गाडीच्या लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्यात, दिसतोच. आणि गतिरोधकांबद्दल तर मी बोलतच नाही. आमच्या आळीत तीन आहेत, त्यातला एक कोणी घातला ते ग्रामपंचायतीलाही ठाऊक नाही.

तर आजचा विषय. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सस्पेन्शनचं, म्हणजे चाकांचे हादरे झेलणाऱ्या भागांचं, काम केलं, की बिलात 'लेबर' म्हणून जी रक्कम येते, ती रास्त असते का? माझं मत आधीच सांगते. तासाचा दर चढा असला तर माझी फार तक्रार नाही. एकाच नटाचे दोनदा पैसे लावले, तर आहे. लक्षात ठेवा, एकाच नटाचे दोनदा पैसे.

गेल्या वर्षी पाहुण्यांना घेऊन चिपळूणला जाऊन आले आणि माझी गाडी बोलायला लागली. गतिरोधकावर चढताना गप्प, उतरताना खड्. कंपनीत दाखवली. तिथल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "सर नाही आले, मॅडम?" गाडी माझ्या नावावर, लायसन्स माझं, एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी! असो. त्याने एस्टिमेट हातात दिलं. पुढचे दोन्ही लोअर आर्म, दोन्ही शॉकअप, शॉकअपच्या डोक्यावरचे माउंट, दोन्ही लिंक रॉड. सुट्या भागांचं जाऊ द्या, नुसती मजुरी सांगते. लोअर आर्मचे १,६००. शॉकअपचे २,४००. माउंटचे १,१००. लिंक रॉडचे ९००. अलाइनमेंटचे, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणायचे, ६००. झाले ६,६००. त्यावर १८ टक्के जीएसटी. ७,७८८ रुपये, नुसते हात लावण्याचे.

कागद घेऊन घरी आले. माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. निवृत्त झालाय, पण अजून कुणाची गाडी दारात आली की आधी वाकून खाली बघतो, मग माणसाला 'ये' म्हणतो. त्याने चष्मा लावला, कागद वाचला आणि म्हणाला, "बाय, खडू आण."

ओटीवरच्या लादीवर त्याने चित्र काढलं. एक गोल, ते चाक. त्याच्यामागे नकल, चाक ज्यावर बसतं तो भाग. नकलपासून वर जाणारा जाड दांडा, तो शॉकअप, त्याच्याभोवती स्प्रिंगचे वेटोळे. खाली आडवा लोअर आर्म. आणि शॉकअपपासून खालच्या बारकडे, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याकडे, येणारी बारीक काडी, ती लिंक रॉड. मग प्रत्येक नटाच्या जागी त्याने टिंब दिलं. "आता बघ हां. शॉकअप काढायचा, तर तुझ्या गाडीत लिंक रॉडचा वरचा नट सोडायलाच लागतो." त्या टिंबावर फुली. "राहिला खालचा एक. आणि नवा शॉकअप घालायचा, तर स्प्रिंग दाबून डोक्यावरचा माउंट काढायलाच लागतो." आणखी एक फुली. "मग तो परत जुना बसव नाहीतर नवा बसव, नट तेवढेच ना?"

मी त्या फुल्यांकडे बघत बसले. माउंटचे अकराशे म्हणजे कशाचे? पुडीतून नवा माउंट बाहेर काढायचे!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मी विचारलं, तर तो मुलगा दादाकडे बघून उत्तर देतोय, "काका, सिस्टिममध्ये तसंच येतं." मी म्हटलं, "काका नाही, मी विचारतेय." मग सुपरवायझर आला. मी पर्समधून खडू काढला. खरंच नेला होता! काउंटरच्या काळ्या ग्रॅनाइटवर तेच चित्र, तीच टिंबं, त्याच फुल्या. शेजारी सर्व्हिसिंगला आलेले दोघं-तिघं वाकून बघायला लागले. सुपरवायझर हसला, म्हणाला, "पुसतो मॅडम, कळलं." माउंटचे ११०० गेले. लिंक रॉडचे ९०० होते, त्याचे ३०० झाले. करासकट २,००६ रुपये वाचले. हिशेब तोंडपाठ आहे माझा.

पण गोष्ट इथे संपत नाही. काचेपलीकडे एक पोरगा काम करत होता, असेल बावीस-तेवीसचा. दादा मशीनचा चहा तोंड वाकडं करून पीत त्याच्याकडे बघत होता. त्या चहाला चहा म्हणायचं धाडस कोण करतं, कोण जाणे. पोराने आर्म बसवले, बोल्ट नुसते टेकवले, गाडी चाकांवर उतरवली, आणि वजन चाकांवर आल्यावर मग टॉर्क पान्याने, म्हणजे नेमक्या ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, ते आवळले. दादाने कप खाली ठेवला. "ह्याला येतं काम," म्हणाला.

कारण असं, की गाडी लिफ्टवर असताना आर्म खाली लोंबतो. तसाच आवळला तर गाडी उतरवल्यावर आतला रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आधीच्या खेपेला नाक्यावरच्या गॅरेजमध्ये स्वस्तात काम करून घेतलं होतं, तेव्हा माझे बुश आठ महिन्यांत गेले होते. पैसे द्यायचे ते या आवळण्याचे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा तोडते, ती नीट धरण्याचे.

निघताना दादाने त्या पोराला विचारलं, "ह्या लेबरातले तुला किती मिळतात रे?" पोरगा हसला आणि हात पुसायला लागला.

वेळ संपत आलीय, तेव्हा भराभर सांगते. कुठल्या कामाला किती तास, हे सहसा कंपनी ठरवते. तासाचा दर वर्कशॉपचा. म्हणून गावागणिक बिल बदलतं. प्रत्येक काम सुटं धरलं, की तास एकावर एक चढतात आणि नट दोनदा मोजला जातो. पुन्हा सांगते, नट दोनदा मोजला जातो. एस्टिमेट काम सुरू व्हायच्या आधी मागा, लेखी मागा, मजुरी कामागणिक वेगळी लिहून मागा. जुने भाग परत मागा. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घ्यायलाही हरकत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळत नाही म्हणूनच. प्रकरण पुढे अपिलात गेलं. बिलावरून वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. एक नऊ एक पाच.

आणि अलाइनमेंटचे सहाशे मात्र वाचवू नका. आर्म बदलला की ती करावीच लागते, नाहीतर टायर एका कडेने झिजतो. नमस्कार.