आधी धूर बघू, मग बोनेट उघडू

(दृश्य : सकाळ. सातारा. पत्र्याच्या शेडचं गॅरेज, मागे अजिंक्यतारा. अंगणात उभ्या गाड्या.)

डिसेंबरातली सकाळ. किल्ल्यावर ऊन आलंय, खाली गॅरेजच्या अंगणात अजून गारठा आहे. रात्रभर उघड्यावर उभी असलेली ही पेट्रोल गाडी आत्ता पहिल्यांदा चालू होतेय. मागून पांढराफेक धूर येतो आणि मालकाचा चेहरा उतरतो. मिस्त्री बोनेटकडे जात नाहीत. गाडीच्या मागे उकिडवे बसतात आणि सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर तळहात धरतात.

(मूळ आवाज, मिस्त्री : "पाणी हाय, पाव्हणं. घाबरू नका. गरम होऊ द्या जरा.")

तळहात ओला झालाय. वास कसलाच नाही. पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो. तो हवेतल्या ऑक्सिजनशी जळला की पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं तर जवळजवळ एक लिटर पाणी! एरवी ते वाफ होऊन निघून जातं, आपल्याला दिसतही नाही. सायलेन्सर थंड असला की त्याच वाफेचे थेंब होतात आणि धूर आल्यासारखं वाटतं. पाच-दहा मिनिटांत नळी तापली, धूर गेला. या गाडीत काहीही बिघाड नाही. मालक पैसे विचारतो, मिस्त्री हातानेच नको म्हणतात.

गॅरेजमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात. आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून आलेली पोरंही मामाच म्हणतात. त्यांचा एक नियम आहे आणि तो मोडलेला ते खपवून घेत नाहीत : पान्हा हातात घेण्याआधी गाडीच्या मागे जाऊन उभं राहायचं. धुराचा रंग बघायचा, वास घ्यायचा, आणि तो कधी येतो ते मालकाला विचारायचं. गार असताना की गरम? चढाला की उताराला? ही फिल्म त्या नियमासाठी आहे. न बघता, न विचारता इंजिन उतरवायची जी घाई आज जागोजाग चालते, तिच्यात गरीब माणसाचे पैसे जातात.

(दृश्य : खंबाटकी घाट. चढणाऱ्या ट्रकची रांग. वळणावर बोनेट उघडून उभी असलेली कार.)

पुण्याहून साताऱ्याकडे घाटरस्त्याने येताना खंबाटकी चढावा लागतो. हा चढ इंजिनाची परीक्षा घेतो. खालचा गिअर, जड गाडी, पुढे ट्रक असल्यामुळे वेग कमी, म्हणजे रेडिएटरला समोरून वारा नाही. त्यात एसी चालू. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आधीच कमी असेल तर काटा लाल रेघेकडे सरकतो. अशा वेळी माणूस म्हणतो, एवढा चढ संपू दे, मग थांबू. तिथेच घात होतो.

(दृश्य : गॅरेज. टोचन करून आणलेली कार. सायलेन्सरमधून दाट पांढरी वाफ.)

ही गाडी घाटातून टोचन करून आणली. हाही धूर पांढराच आहे. पण आता दुपार आहे, इंजिन पूर्ण तापलंय, तरी धूर थांबत नाही. दाट आहे आणि त्याला गोडसर वास आहे. हा वास कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. म्हणजे थंडाव्याचं पाणी जिथे जायला नको तिथे, सिलिंडरच्या आत, पोचलंय. हे रसायन विषारी असतं, म्हणून मामा पोरांना वास दुरूनच घ्यायला लावतात. आणि रेडिएटरचं झाकण इंजिन गार झाल्याशिवाय कुणी उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, वरचा हेड. दोघांच्या मध्ये एक पातळ गॅस्केट. त्या एका पत्र्याने तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या : सिलिंडरमधला जाळ, पाणी आणि ऑइल. हेड ॲल्युमिनियमचं, ते जास्त तापलं की वाकतं. वाकलं की गॅस्केटला फट पडते आणि या तिघांपैकी कुणीही कुणाकडेही जातं.

(दृश्य : कूलंटच्या बाटलीत बुडबुडे. नळीतलं निळं द्रावण. डिपस्टिक.)

हेड खोलण्याआधी मामा अजून खात्री करतात. गार इंजिन चालू करून कूलंटच्या बाटलीत बघतात. बुडबुडे सारखे येतायत. बाटलीच्या तोंडावर तपासणीची नळी बसवतात. नळीतलं निळं द्रावण सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड लागला की पिवळं पडतं. बघा, पडलं. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची सळी. ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय, म्हणजे पाणी तिकडेही उतरलंय. आता हेड काढायला हरकत नाही.

(दृश्य : हेड टेबलावर. सरळ पट्टी, फिलर गेज. लेन्स जवळ.)

सरळ पट्टी आडवी-तिडवी ठेवून खालून फिलर गेजची, म्हणजे ठरलेल्या जाडीची, पाती घालून बघतात. अनेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास वाक चालतो. इथे त्याहून जाड पाती सहज आत गेली. हेड मशीनवर जाऊन फेस होईल, म्हणजे घासून सपाट होईल, नवीन गॅस्केट बसेल, बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या ताकदीने आवळले जातील. नुसतं गॅस्केट बदलून वाकलेलं हेड तसंच बसवलं, तर गाडी पुढच्या घाटात पुन्हा उभी राहते. हे काम मोठं आहे आणि खर्चाचंही आहे. इथे इंजिन खोलणं खरंच गरजेचं होतं, कारण पुरावा हातात होता.

डिझेलचा पांढरा धूर आणखी वेगळा. तो डोळ्यांना झोंबतो, त्याला कच्च्या डिझेलचा वास असतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेनेच इंधन पेटतं. हवा पुरेशी तापली नाही, हीटर प्लग गेला, इंधन सोडायचं टायमिंग मागे पडलं किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरलं, की डिझेल न जळताच बाहेर येतं.

(दृश्य : यवतेश्वर घाट. मागच्या गाडीतून चित्रण. पुढे लाल कार, उतार.)

आता निळा. लाल गाडीच्या मालकाला एका गॅरेजने सांगितलं होतं : ऑइल खाते, इंजिन काम करावं लागेल. रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या), बोर (सिलिंडरचं भोक), सगळं. ते ऐकून हे मामांकडे आले. मामांनी त्यांना गाडीत बसवलं, आम्हाला मागून यायला सांगितलं आणि गाडी कासच्या रस्त्याला घातली.

चढताना बघा. दुसरा गिअर, ॲक्सिलेटर दाबलेला, इंजिन पूर्ण ताकदीने ओढतंय. मागे धूर नाही. रिंगा झिजल्या असत्या तर इथेच निळा पट्टा दिसला असता, कारण ताकद लागते तेव्हा सिलिंडरमधला दाब वाढतो आणि झिजलेल्या रिंगांजवळून ऑइल आणि धूर एकमेकांच्या वाटेने जातात.

यवतेश्वरावर गाडी वळवली. आता उतार. गिअर तोच, ॲक्सिलेटरवरून पाय काढलेला. इंजिनच गाडीला धरून ठेवतंय. अशा वेळी थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, बंद असतो आणि आत खेच तयार होते. सिलिंडरच्या तोंडाशी उघड-बंद होणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांडीवर रबराची छोटी सील असतात. उष्णतेने वर्षानुवर्षे ती कडक होतात, चिरतात. ही खेच मग दांडीच्या बाजूने ऑइल आत ओढून घेते. उतारभर ते थेंब थेंब साचत राहतं. समर्थ मंदिराच्या बाजूला उतार संपतो, सपाट रस्ता येतो, मामा ॲक्सिलेटर दाबतात, आणि...

(दृश्य : निळ्या धुराचा लोट. दोन सेकंद तसाच. मूळ आवाज, मामा : "दिसला का? आता बंद हुईल बघा.")

आणि बंद झाला. साचलेलं ऑइल जळलं, संपलं. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या स्टार्टला एक निळा भपका, हीदेखील सीलचीच खूण.

हा धूर निळा का? तेलाचे हे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही बारीक असतात, आणि इतके बारीक थेंब निळा प्रकाश जास्त विखुरतात. पाण्याचे थेंब मोठे, ते सगळे रंग सारखे विखुरतात म्हणून वाफ पांढरी. काजळी प्रकाश गिळते म्हणून काळी. रस्त्यावर उभा राहून नुसत्या डोळ्यांनी थेंबाचा आकार ओळखता येतो! मला ही या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

गॅरेजला परत आल्यावर मामांनी कॉम्प्रेशन घेतलं. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं. रिंगा झिजलेल्या असतील तर ऑइलने फट भरून दाब वाढतो. इथे आकडा पहिल्याच वेळी चांगला होता आणि दुसऱ्यांदा फारसा हलला नाही. ऑइलचं झाकण काढून बघितलं, आतून धूर फेकत नाही. रिंगा शाबूत. सील बदलायची. या इंजिनात तर हेडही न उतरवता, सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवता येतात आणि सील वरूनच निघतात. अख्ख्या इंजिन कामाऐवजी रबराचे काही तुकडे!

टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, सील गेलं तरी निळाच धूर येतो. डिझेल गाडीत तो अंगावर काढू नये. इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटलं तर चावी बंद करूनही थांबत नाही.

(दृश्य : ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. चढाला काळा लोट. मागे दुचाकीस्वार तोंडाला रुमाल बांधतो.)

गळीत हंगाम. आपल्या जिल्ह्यात काळा धूर बघायला लांब जावं लागत नाही. काळा म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. जळायला ऑक्सिजन पुरला नाही, उरलेल्या कार्बनची काजळी झाली.

इथे थोडं मागे जाऊ. या भागाला इंजिनं नवी नाहीत. पुढे १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झालेले सर धनजीशा कूपर साताऱ्याचे. त्यांच्या कारखान्याने लोखंडी नांगर केले, डिझेल इंजिनं केली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. विहिरीवर इंजिन आलं आणि शेतकरी इंजिनाचा जाणकार झाला. बांधावरून धूर बघून तो सांगायचा, इंधनाचा पंप जास्त इंधन टाकतोय, नोझल गळतंय. धूर मोजायची शास्त्रीय पट्टीही शेतीच्याच माणसाने दिली. मॅक्सिमिलियन रिंगेलमन हे फ्रान्समधले शेती-अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनी १८८८ साली पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या आखल्या. जाळी दुरून राखाडी दिसते. ती चिमणीच्या धुराशेजारी धरायची आणि क्रमांक सांगायचा. एक क्रमांक म्हणजे वीस टक्के काळेपणा, पाच म्हणजे पूर्ण काळा. मामांना हे नाव माहीत नव्हतं. आम्ही तक्ता दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले.

(दृश्य : एअर फिल्टर झटकला जातो. धुळीचा ढग. ऑइल बाथच्या वाटीतला चिखल.)

ट्रॅक्टरचा एअर क्लीनर उघडला. वाटीत ऑइल असायला हवं, तिथे चिखल आहे. पाचट, फुफाटा, कच्चे रस्ते. इंजिनाला श्वासच घेता येत नाही. वाटी धुतली, नवं ऑइल भरलं, जाळी साफ केली. आता रेस दिल्यावर बघा, लोट निम्म्यावर आला. अजून उरलाय तो इंधनाच्या पंपाचा. ओढायला जोर यावा म्हणून पंप वाढवून घेतलाय. काळा धूर म्हणजे ताकद, ही समजूत घट्ट आहे आणि ती साफ चुकीची आहे. तो धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेलं आणि न जळलेलं डिझेल. वर ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगा लवकर झिजतात. आज काळा मारणारं इंजिन पुढे निळा मारायला लागतं ते असं.

(दृश्य : पांढरा कागद सायलेन्सरमागे धरलेला. तीन कागद शेजारी.)

मामांचा कागद. थोडं अंतर ठेवून सायलेन्सरमागे धरायचा, दोनदा रेस द्यायची. पाण्याचा डाग सुकून जातो. काजळी कोरडी, बोटाने पुसली जाते. ऑइलचा ठिपका कागदात पसरतो, तिथून उजेड आरपार दिसतो.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तिथे काळा धूर सहसा दिसतच नाही, बिघाड वाचणारा स्कॅनर लावावाच लागतो. पण अशा गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाला आतून काळी काजळी लागली असेल, तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय.

पीयूसीत जुन्या डिझेल गाडीला ६५ आणि बीएस-४ ला ५० हार्टरिज युनिटपर्यंत (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) मुभा आहे, नियम मोडला तर दंड दहा हजारांपर्यंत. आणि डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलंय.

(दृश्य : लाल कार. नवी सील. गाडी चालू. मामा मालकाशी बोलतात.)

लाल गाडी तयार आहे. मामा मालकाला सांगतात : "आता हजार किलोमीटरला डिपस्टिक बघा. सपाट जागी, गाडी बंद करून, दहा मिनिटं थांबून. ऑइल उतरलं तर मला फोन करा."

तुमची गाडी धूर मारत असेल तर गॅरेजला जाण्याआधी फोनवर चित्रण करून ठेवा. सकाळचा पहिला स्टार्ट. वीस मिनिटं चालवल्यावर, गाडी उभी असताना. मग मागच्या गाडीतून कुणालातरी घ्यायला सांगा, एकदा चढाला, एकदा उतार संपल्यावर ॲक्सिलेटर दाबताना. कूलंट किती कमी झालं, ऑइल किती घालावं लागलं, ते लिहून न्या. आणि मिस्त्रीने हे न बघताच इंजिन उतरवायला सांगितलं, तर गाडी तिथे सोडू नका.