ठणठणीत माणूस आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट

गणपती आले की कोल्हापुरात तालमी-मंडळांची रक्तदान शिबिरं लागतात, पोरं हौसेनं रक्त देतात. ब्लड बँकेत प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस बी आणि सी, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या दोन व्हायरससाठी टेस्ट होते आणि मग एखाद्याला फोन येतो, जरा येऊन भेटून जा. रोज जोर-बैठका मारणारा गडी, तांबडा-पांढरा भरपेट ओढणारा, आणि रिपोर्टवर लिहिलंय एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी सापडला.

बऱ्याच जणांना वाटतं व्हायरसच लिव्हर खातो. तसं नाहीये बघा. बी चा व्हायरस पेशीत गपगुमान बसून असतो, त्याला हुडकत आपलीच प्रतिकारशक्ती येते आणि तो ज्या पेशीत बसलाय तिलाच संपवते, हीच ती सूज. पेशी मेली की शेजारच्या पेशी वाढून जागा भरतात, असं वीस-तीस वर्षं चालतं, दर वेळी डीएनएची नक्कल होते आणि सुजेतली रसायनं त्याच डीएनएला इजा करत असतात, चुका साठत जातात आणि त्यातूनच पुढं लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो.

सोनोग्राफीत फरक दिसतो. निरोगी लिव्हरची कड गुळगुळीत. आणि सिरोसिस म्हणजे व्रण पडून पडून कड खडबडीत झालेलं लिव्हर. सी मध्ये कॅन्सर बहुतेक इथंच उगवतो. बी मात्र स्वतःच्या डीएनएचा तुकडा आपल्या डीएनएत घुसवतो, त्यामुळं सिरोसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो, आणि हे पेशंटला कुणी नीट सांगतच नाही याचं फार वाईट वाटतं.

कावीळ उतरली, झाडपाला घेतला, पथ्य झालं, विषय संपला असं आपल्याकडं धरतात. डोळ्यांचा पिवळेपणा गेला तरी व्हायरस रक्तात राहू शकतो.

बी चा व्हायरस आईकडून बाळंतपणात लागला तर दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो, म्हणून जन्मल्यावर 24 तासांच्या आत लस. तैवाननं 1984 ला बाळांना लस सुरू केली आणि तिथल्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर खरंच घटला.

सी ला लस नाही, पण साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा व्हायरस जातो. बी च्या गोळ्या त्याला दाबून धरतात, धोका कमी होतो पण शून्य नाही, त्यामुळं डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगितली असेल तर चुकवायची नाही. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

आणि घरात ताट-वाटी वेगळी करू नका हो, एकत्र जेवल्यानं हा लागत नाही. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, रेझर आणि टूथब्रश, बाकीच्यांची टेस्ट करायची आणि निगेटिव्ह असतील त्यांना बी ची लस द्यायची.