मोबाइल ॲपची सुरक्षा-तपासणी: पेटीतली हत्यारे आणि त्यांची मर्यादा

मोबाइल ॲपची सुरक्षा तपासण्याच्या साधनांविषयी बोलण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वेबसाइटचा महत्त्वाचा कोड सर्व्हरवर, म्हणजे मालकाच्या ताब्यात राहतो. मोबाइल ॲप मात्र वापरणाऱ्याच्या खिशात जाऊन बसते, आणि तो वापरणारा कोण असावा हे ॲप बनवणाऱ्याला ठरवता येत नाही. सुरक्षा तपासणारा या अनोळखी माणसाच्या जागी बसतो. अर्थात मालकाची लेखी परवानगी घेऊनच.

अँड्रॉइडची एपीके फाइल, म्हणजे जिच्यातून ॲप फोनवर बसते ती फाइल, ही मुळात एक झिप फाइल असते. एपीकेटूल हे साधन तिच्यातले मॅनिफेस्ट, म्हणजे ॲपचे घटक आणि त्याला लागणाऱ्या परवानग्या यांची यादी, वाचता येईल अशा रूपात आणते, तर जॅडएक्स डेक्स कोडवरून, म्हणजे फोनसाठी रूपांतरित केलेल्या कोडवरून, बऱ्यापैकी वाचनीय जावा कोड उभा करून देते. नावे मुद्दाम पुसून ए, बी, सी अशी केलेली असली, तरी कोडमध्ये विसरून राहिलेल्या, सेवा उघडणाऱ्या गुप्त किल्ल्या आणि सर्व्हरचे पत्ते बहुधा जसेच्या तसे दिसतात. आयफोनवर ही पहिलीच पायरी अवघड आहे, कारण ॲप स्टोअरवरून आलेला कोड कूटबद्ध असतो आणि तो उलगडलेल्या रूपात मिळवण्यासाठी सहसा जेलब्रेक केलेला, म्हणजे ॲपलची बंधने तोडलेला, फोन लागतो. मोबएसएफ हे साधन यातले पुष्कळ काम आपोआप करून लांबलचक अहवाल देते. तो अहवाल छापून, त्यालाच ‘तपासणी’ म्हणून ग्राहकाच्या हाती ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

या पेटीतले मला सर्वांत विलक्षण वाटणारे हत्यार म्हणजे फ्रिडा. ते चालू असलेल्या ॲपच्या प्रक्रियेत शिरते आणि आपण लिहिलेली जावास्क्रिप्ट तिथे चालवते; त्यामुळे एखादे फंक्शन, म्हणजे कोडचा एक ठरावीक काम करणारा तुकडा, कोणती माहिती घेऊन आले हे पाहता येते, आणि त्याने काय उत्तर द्यावे हेही बदलता येते. फोन रूट केलेला, म्हणजे त्यावर पूर्ण ताबा मिळवलेला, आहे का, असे विचारणाऱ्या फंक्शनला ‘नाही’ म्हणायला लावणे हा शिकाऊ माणसाचा पहिला धडा असतो. ऑब्जेक्शन हे फ्रिडावरच उभारलेले साधन अशा नेहमीच्या युक्त्या तयार आज्ञांच्या रूपात देते. पण रूट-तपासणी चुकवली म्हणजे मोठे भगदाड सापडले, असा समज करून घेऊ नये. ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या मोबाइल सुरक्षा मानकात अशा संरक्षणाला वेगळा गट दिला आहे, आणि ते नसणे ही स्वतःहून त्रुटी ठरत नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. प्रश्न हा असतो की ती भिंत ओलांडल्यावर हाती काय लागते.

त्यासाठी ॲप आणि सर्व्हर यांच्यातले बोलणे ऐकावे लागते. बर्प किंवा एमआयटीएम प्रॉक्सी यांसारखे मध्यस्थ साधन त्यांच्या मध्ये बसवून ते ऐकता येते. त्यासाठी फोनवर त्या साधनाचे प्रमाणपत्र, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा असल्याची ग्वाही देणारा दाखला, बसवावे लागते. मात्र 2016 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 7 पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेली ॲप वापरणाऱ्याने स्वतः बसवलेल्या प्रमाणपत्रावर आपण होऊन विश्वास ठेवत नाहीत, आणि काही ॲप तर ठरावीक प्रमाणपत्राशीच बांधलेली असतात. तिथे पुन्हा फ्रिडाच कामी येते.

एकदा संवाद दिसू लागला की मी बहुतेक वेळा एकच साधी गोष्ट करून पाहतो. दोन चाचणी-खाती उघडतो, पहिल्या खात्याने लॉगिन करतो आणि विनंतीतल्या स्वतःच्या क्रमांकाच्या जागी दुसऱ्या खात्याचा क्रमांक घालतो. सर्व्हरने निमूटपणे त्या दुसऱ्याची माहिती पाठवली, तर ॲपमधली सारी रूट-तपासणी आणि प्रमाणपत्राची बांधणी व्यर्थ ठरते, कारण कोणाला काय दाखवायचे याचा निर्णय सर्व्हरने घेतलेलाच नसतो. मोबएसएफच्या अहवालात यातली एक ओळही उमटत नाही, कारण त्याने पाहिलेला ॲपचा कोड निर्दोष असतो. प्रॉक्सीलाही ही विनंती रीतसर आणि तिचे उत्तर यशस्वीच दिसते. ते उत्तर दुसऱ्याचे आहे, हे फक्त ती दोन खाती उघडणाऱ्यालाच ठाऊक असते.