सर्व्हरचं परसदार

नमस्कार. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? पंख्यांचा आवाज फार आहे, पण डेटा सेंटरमध्ये काम करायचं असेल तर या आवाजाची सवय झालेली बरी.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. मी पुण्यात, सर्व्हर नवी मुंबईला महापेत. रात्री साडेअकराला जेवून घरूनच एसएसएचनं, म्हणजे दुरून मशीनला कमांड द्यायच्या सोयीनं, आत शिरलो आणि फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कवरून कुणाला आत घ्यायचं त्याचे, नियम लिहायला बसलो. आधी सगळं बंद करायचं आणि मग हवं तेवढं उघडायचं, असा बेत होता. 'सगळं बंद'ची ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि कर्सर थिजला. 'सगळं' यात मीही आलोच की! पुढच्या ओळी लिहायला मी आत उरलोच नव्हतो.

मग काय, गाडी काढली. एक्स्प्रेस वे, गेटवरची नोंदवही, ओळखपत्र, 'साहेब, तुमच्या नावाची परवानगी आलेली नाही' म्हणून अर्धा तास ताटकळणं, शेवटी आत गेल्यावर चाकांच्या ट्रॉलीवरचा मॉनिटर ढकलत त्या रॅकपर्यंत नेणं. एक ओळ टाइप केली. काम पंधरा सेकंदांचं, हेलपाटा पाच तासांचा. निघताना सहज सर्व्हरच्या पाठीमागे पाहिलं, तर लॅनचं एक सॉकेट रिकामं होतं आणि त्यावर बारीकसं पान्याचं चित्र. ते सॉकेट मशीन आलं त्या दिवसापासून तिथे होतं. त्यात केबल खोचायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि कुणाला म्हणजे मलाच.

आज त्या सॉकेटबद्दल बोलायचंय.

आपल्याकडच्या जुन्या घरांना परसदार असायचं. पुढच्या दाराची कडी आतून लागली की पोराला मागून पाठवायचं. एसएसएच हे सर्व्हरचं पुढचं दार. ते उघडायला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जागा हवा, नेटवर्क कार्ड चालू हवं, रूटिंग नीट हवं, फायरवॉलनं वाट दिलेली हवी, डिस्क भरून एसएसएचची सेवा मेलेली नको. यातलं एक बिनसलं की दार बंद. आणि आपल्याला आत जायची घाई नेमकी यातलं काहीतरी बिनसल्यावरच असते.

त्या पान्याच्या चित्रामागे एक वेगळा छोटा संगणक बसलेला असतो. बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, बोलताना बीएमसी. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, आयपी पत्ता वेगळा. सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबल लागलेली आहे तोवर हा स्टँडबाय विजेवर जागा असतो. एचपीवाले त्याला आयलो म्हणतात, डेलवाले आयड्रॅक. सगळ्यांची मिळून एक भाषा असावी म्हणून १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी आयपीएमआय हे मानक आणलं. २००४ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत आपल्या कामाची गोष्ट आली, सीरियल ओव्हर लॅन. मशीनच्या सीरियल पोर्टमधून, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जुन्या सॉकेटमधून, जी अक्षरं बाहेर पडली असती, ती बीएमसी उचलतो, नेटवर्कवर यूडीपीच्या ६२३ क्रमांकाच्या पोर्टवरून तुमच्याकडे धाडतो आणि तुम्ही टाइप केलेली अक्षरं तशीच आत नेऊन सोडतो. सर्व्हरला वाटतं, कुणीतरी केबल लावून शेजारी बसलंय.

तुम्ही म्हणाल, अक्षरंच का? अख्खा स्क्रीन ब्राउझरमध्ये दिसायची सोय असतेच की. असते, मीही वापरतो. पण तिथे दिसतं ते चित्र असतं. कर्नल पॅनिकच्या, म्हणजे कर्नल कोसळताना लिहितो त्या, चाळीस ओळी सरकून गेल्या की गेल्या, नंतर काय शोधणार? अक्षरं फाइलमध्ये साठवता येतात, त्यात शब्द शोधता येतो, सहकाऱ्याला चिकटवून पाठवता येतात. शिवाय घाटात मोबाइलच्या एका काडीवर चित्र हलत नाही, अक्षरं सरपटत का होईना येतात.

किती सरपटत, याचा हिशेब सोपा आहे. सीरियल लाइनवर एका अक्षराला साधारण दहा बिट लागतात. वेग सेकंदाला ९६०० बिट असेल तर सेकंदाला ९६० अक्षरं. ८० रकाने आणि २४ ओळींचा स्क्रीन म्हणजे १९२० अक्षरं, म्हणजे पडदा भरायला दोन सेकंद. हे ८० आणि २४ कुठून आले? डेक कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलचं माप तेच होतं. त्याच्याही मागे जा, १९६३ चं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं कागदावर ठोकायचं. लिनक्समध्ये जिथे तिथे दिसणारं 'टीटीवाय' त्या टेलिटाइपचंच नाव आहे. आजोबांच्या पेटीची किल्ली घेऊन आपण क्लाउड चालवतोय.

आता हा वेग नुसता कौतुकाचा विषय नाही. कर्नल आपले संदेश कन्सोलवर, म्हणजे मशीनच्या मूळ पडद्यावर, इथे या सीरियल लाइनवर, लिहितो आणि लाइन संथ असेल तर लिहून होईपर्यंत अडकून राहतो. खराब डिस्क हजारो ओळी ओकायला लागली की ९६०० च्या कन्सोलमुळे चांगलं मशीन गुदमरतं. म्हणून ११५२०० ठेवा. आणि हा आकडा सगळीकडे सारखा ठेवा, कारण तो एका जागी सांगून भागत नाही. मशीन चालू होताना आधी जागं होणाऱ्या बायोसला सांगावं लागतं, मग कर्नल सुरू करून देणाऱ्या ग्रब बूटलोडरला सांगावं लागतं, कर्नलच्या बूट ओळीत 'कन्सोल' म्हणून लिहावं लागतं, आणि शेवटी लॉगिन विचारणारी गेटी त्या पोर्टवर बसवावी लागते. एक जागा चुकली की सिनेमा मध्येच तुटतो. बायोस छान दिसतं, ग्रबचा मेनू दिसतो आणि पुढे अंधार. वेग जुळला नाही तर कचरा दिसतो, प्रश्नचिन्हं आणि चौकोन. आणखी एक, सीरियल ओव्हर लॅन पुष्कळ मशीनवर पहिल्या सीरियल पोर्टवर नसतं, दुसऱ्यावर असतं. मी एकदा अख्खी दुपार चुकीच्या पोर्टला कान लावून बसलो होतो.

समजा सगळं जुळलं. तुम्ही बीएमसीशी बोलणारं आयपीएमआयटूल उघडलं, 'सोल ॲक्टिव्हेट' म्हटलं (सोल म्हणजे सीरियल ओव्हर लॅन), आणि समोर काळा पडदा. नवीन माणूस इथे घाबरतो. अहो, ही लाइन आहे, जुनं काही परत दाखवत नाही; तुम्ही आलात हे पलीकडे कळलेलंच नाही. एकदा एंटर दाबा. लॉगिनची ओळ येते.

सवयीनं फाइल साठवायला कंट्रोल-एस दाबलंत तर पडदा गोठेल. मशीन हँग झालं म्हणून एकानं माझ्यासमोर चालू डेटाबेस रीबूट केलाय! टेलिटाइपच्या काळात 'थांब' आणि 'चल' अशा दोन खुणा होत्या, त्या अजून जिवंत आहेत. कंट्रोल-क्यू दाबलं की चालू.

बाहेर पडायची गंमत वेगळीच. नव्या ओळीवर तरंगचिन्ह आणि टिंब, '~.' असं टाइप केलं की सत्र तुटतं. पण एसएसएचचीही खूण तीच. तुम्ही मधल्या एका मशीनवर एसएसएचनं जाऊन तिथून कन्सोल उघडला असेल, तर बाहेरचं एसएसएच तुटतं आणि आतलं सत्र लोंबकळत राहतं. पुन्हा गेलात की उत्तर मिळतं, कन्सोल दुसऱ्या कुणाकडे चालू आहे. तो दुसरा कुणी म्हणजे पाच मिनिटांपूर्वीचे तुम्हीच. आधी 'सोल डीॲक्टिव्हेट' म्हणायचं. आणि मुळात तरंगचिन्ह दोनदा टाइप करायचं, म्हणजे एक बाहेरचं खातं आणि दुसरं आत पोचतं.

मशीन खरंच गोठलं असेल तर तरंगचिन्ह आणि मोठा बी. यानं लाइनवर ब्रेक जातो, आणि पुढच्या पाच सेकंदांत एक अक्षर दाबलं की ते थेट कर्नलला मिळतं. एस म्हणजे मेमरीतलं डिस्कवर उतरव, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव, बी म्हणजे रीबूट. याच क्रमानं. पण ही सोय लिनक्सच्या पुष्कळ वितरणांत अर्धीमुर्धी बंद असते, आधी तपासून ठेवा.

आता परसदाराची किल्ली घरातच राहिली तर काय होतं ते सांगतो. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. आपल्याकडे रात्रीचे सव्वानऊ होत आले होते आणि व्हॉट्सॲप बंद पडलं. आपलंच नेट गेलं म्हणून निम्म्या महाराष्ट्रानं राउटर बंद-चालू केला असेल. झालं होतं असं, की फेसबुकच्या देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडनं त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं सगळं आतलं जाळंच तुटलं. अशी कमांड अडवणारी तपासणी होती, तिच्यात बग निघाला. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरना वाटलं आपण एकटे पडलो, त्यांनी बीजीपीवरच्या, म्हणजे 'आमच्याकडे यायची वाट ही' असं जगाला सांगणाऱ्या, आपल्या घोषणा मागे घेतल्या आणि कंपनी इंटरनेटच्या नकाशावरून पुसली गेली. अशा वेळेसाठी ठेवलेलं वेगळं व्यवस्थापन नेटवर्कही बंद होतं, हे त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं. मग माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली, आणि तिथली सुरक्षा कडक, त्यामुळे आत शिरायलाच वेळ गेला. सगळं मिळून सुमारे सहा तास. महापेच्या गेटवर मी ताटकळलो होतो ते आठवून मला, खोटं का बोलू, थोडं बरं वाटलं.

तेव्हा तुमच्या बीएमसीची केबल ज्या स्विचमधून जाते, तोच स्विच मेला तर काय, हे आज ऑफिसात जाऊन बघा. आमच्या एका जागी फोर-जी मोडेम आणि दोन हजारांचा छोटा राउटर आहे, तेवढ्यावर भागतं.

पण म्हणून हे दार रस्त्यावर उघडू नका. २०१३ मध्ये डॅन फार्मर या सुरक्षा संशोधकानं दाखवलं, की आयपीएमआय २.० मध्ये नुसतं वापरकर्त्याचं खरं नाव सांगितलं तरी बीएमसी ओळख पटण्याआधीच पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून बनवलेला सांकेतिक ठसा, हातावर ठेवतो. तो घरी नेऊन निवांत फोडायचा. चूक मानकातच असल्यामुळे पॅचनं जात नाही. २०१५ मध्ये आलेलं रेडफिश हे याच कामाचं नवं मानक एचटीटीपीएसवर चालतं, त्याकडे वळा. पण कुठलंही असो, वेगळ्या बंद नेटवर्कमध्ये आणि व्हीपीएनच्या मागेच.

कुणीतरी चिठ्ठी पाठवलीये: 'आमचं सगळं क्लाउडवर आहे, आम्हाला याचं काय?' छान विचारलंत. ॲमेझॉननं २०२१ च्या मार्चमध्ये ईसी-टूला, म्हणजे त्यांच्या भाड्याच्या क्लाउड सर्व्हरना, सीरियल कन्सोल दिला, गूगलकडेही आहे. केबल नाही, पान्याचं चित्र नाही, पण काळा पडदा तोच आणि एंटरही तोच. फक्त एक खोच आहे. तुम्ही रोज एसएसएचच्या किल्लीनं आत जाता, क्लाउडच्या इमेजमध्ये वापरकर्त्याला पासवर्ड बहुधा नसतोच. कन्सोलवरची गेटी किल्ली ओळखत नाही, ती पासवर्ड मागते. रात्री सव्वातीनला तुम्ही दारापर्यंत पोचता, लॉगिन दिसतं, नाव टाइप करता, आणि पासवर्डच्या ओळीवर कर्सर लुकलुकत राहतो. तुमच्यापैकी चार-पाच जणांचे लॅपटॉप आत्ता उघडेच दिसताहेत. सर्व्हर चालू आहे तोवर पासवर्ड लावून घ्या, मी तेवढ्यात पाणी पितो.