कोरड्या नदीचे दोन नकाशे

श्रोतेहो, नमस्कार.

ओमानची राजधानी मस्कत, तिच्या पश्चिमेला अल खौद नावाचा भाग आहे. तिथे एक धरण आहे. लांबी सुमारे 5 किलोमीटर, उंची जेमतेम 11 मीटर. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मला ते दाखवायला नेलं, तेव्हा धरणाच्या पोटात शेळ्या चरत होत्या. पाण्याचा टिपूस नाही. संध्याकाळी आटपाडीला घरी फोन केला आणि आप्पांना सांगितलं, इथलं धरण बघून आले, कोरडं ठणठणीत आहे. आप्पा म्हणाले, "मग ते धरण कशाचं? पाझर तलाव असंल त्यो." मी हसले. खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. 1972 च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहिलेला माणूस तो. ओमान न बघताच त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

अल खौदचं धरण 1985 साली बांधलं, ते पाणी साठवायला नव्हे तर मुरवायला. त्यात मावतं 1 कोटी 16 लाख घनमीटर पाणी. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या हिशोबात तो अर्धा टीएमसीसुद्धा भरत नाही. आपलं उजनी 117 टीएमसीचं. तरी या चिमुकल्या धरणावर मस्कतजवळच्या किनारपट्टीतल्या विहिरी डोळे लावून बसलेल्या असतात.

मस्कतला वर्षभरात पाऊस पडतो शंभर मिलिमीटरच्या आसपास. आपण ज्याला दुष्काळी म्हणतो त्या माणदेशातही चार-पाचशे पडतो. पण हा शंभर मिलिमीटर रोज थोडा थोडा पडत नाही. कधी वर्ष-दोन वर्षं नुसती ढगांची ये-जा, आणि मग एखाद्या दुपारी हजर नावाच्या तिथल्या डोंगररांगेवर असा कोसळतो की विचारू नका. डोंगर उघडाबोडका, मातीचा थर नाही, गवत नाही. पडलेलं पाणी थांबणार कशावर? ते सुटतं. दऱ्यांमधून खाली येतं आणि वर्षभर कोरडं पडलेलं पात्र तासाभरात दुथडी भरतं. या कोरड्या पात्राला अरबीत वादी म्हणतात. बरं, पाऊस पडतो डोंगरात आणि पूर येतो सपाटीवर, जिथं आकाश निरभ्र असतं. परका माणूस फसतो तो इथेच. पाणी गुडघ्याइतकंच दिसतं म्हणून गाडी घालतो. फूटभर वाहतं पाणी लहान मोटार तरंगवू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं. ओमानमध्ये वाहत्या वादीत जाणूनबुजून गाडी घालणं हा कायद्यानं गुन्हा आहे, तो उगाच नाही.

2024 चा एप्रिल तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, कारण दुबईत नातेवाईक नाही असं मराठी घर आता शोधावं लागतं. दुबईचा विमानतळ पाण्यात, मोटारी पाण्यात. अमिरातीत अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे 24 तासांच्या आत 254.8 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. अमिरातीत 1949 पासून नोंदी आहेत, त्यातला हा सर्वांत मोठा. त्याच वादळी पावसात ओमानमध्ये समद अल शान इथे शाळकरी मुलांना घेऊन चाललेली गाडी वादीत वाहून गेली. ज्या देशांत पाण्याचा थेंब महाग, तिथे माणसं पाण्यात बुडून मरतात.

आता माझ्या कामाकडे येते. मी भूजलवाली. जमिनीत पाणी कुठे मुरेल याचा नकाशा करायचा, हे माझं काम. तो करायला उपग्रहाची चित्रं लागतात, जमिनीच्या उंच-सखलपणाचे आकडे लागतात. 2000 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानानं 11 दिवसांत जगाच्या बहुतेक जमिनीची उंची रडारनं मोजली, ते आकडे आज कुणालाही फुकट मिळतात. त्यावरून संगणक उतार काढतो, ओढे-ओघळी काढतो. मग त्यावर खडकाचा थर चढवायचा, मातीचा, जमिनीच्या वापराचा, भेगांचा. प्रत्येकाला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि रंग भरायचे. जिथे मुरेल तिथे हिरवा, जिथे मुरणार नाही तिथे लाल.

गुण कोण देतं? आम्हीच. उताराला किती वजन, मातीला किती, याची एकास एक तुलना करायची शास्त्रोक्त रीत आहे. पण शेवटी ते गुण देणाऱ्याच्या अनुभवावर जातं. म्हणून नकाशा कितीही देखणा आला तरी मी तो विहिरींवर घासून बघितल्याशिवाय पुढे देत नाही. पुराआधीची पाणीपातळी, पुरानंतरची पातळी. हिरव्या पट्ट्यातली विहीर चढली नसेल, तर रंग चुकलाय, विहीर नाही.

आणि दुसरी परीक्षा जमिनीची. पत्र्याची दोन कडी असतात, एक मोठं, एक लहान. तळ नसलेल्या डब्यांसारखी. एकात एक ठेवून जमिनीत ठोकायची, दोन्हींत पाणी ओतायचं आणि आतल्या कड्यातलं पाणी मिनिटाला किती उतरतं ते पट्टीवर वाचायचं. बाहेरचं कडं कशाला? आतलं पाणी बाजूला न पसरता सरळ खाली जावं म्हणून. धरणाच्या खालच्या अंगाला, गोट्यांच्या पात्रात आम्ही ही कडी ठोकली. ठोकताना हात भरून आले. पाणी ओतलं, तर कॅन रिकामा होईपर्यंत पट्टी वाचायला सवडच मिळेना; पाणी नुसतं गायब. मग धरणाच्या आत गेलो. तिथे गेल्या पुरांनी आणलेला मऊ पिवळट गाळ बसलेला होता, वाळून त्याच्या खपल्या उन्हातल्या पापडासारख्या वळल्या होत्या. तिथे तेवढंच पाणी ओतलं. माझा मल्याळी सहकारी थर्मासमधला चहा दोनदा घेऊन आला, तरी पाणी होतं तिथेच. दोन जागांत अंतर किती, तर चालत जाण्याइतकं.

त्या धरणाचं सगळं तंत्र या गाळात आहे. पुराचं पाणी आलं की अडवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळलेलं पाणी मोऱ्यांतून खालच्या गोट्यांच्या पात्रात हळूहळू सोडायचं. मुरायचं आहे ते तिथे, धरणात नव्हे. गढूळ पाणी तसंच सोडलं तर गोट्यांमधली छिद्रं बुजतात आणि पुढच्या पुरात ते पात्र मुरवायचं विसरतं. उशीर केला तर ऊन पाणी पिऊन टाकतं. आणि धरणात साचलेला गाळ काढला नाही तर पुढच्या पुराला जागा उरत नाही. आपल्याकडचे किती पाझर तलाव असे गाळानं बुजून नुसते चर उरलेत, ते गावाकडच्या श्रोत्यांना मी सांगायला नको.

हे पाणी मुरतं त्याचा उपयोग काय? ओमानचा बातिना किनारा म्हणजे खजुराच्या बागांचा पट्टा. 1970 नंतर तिथे इंजिनं आली, मग विजेचे पंप आले, आणि उपसा इतका झाला की गोडं पाणी मागे सरलं आणि समुद्राचं पाणी जमिनीखालून आत शिरलं. खारट विहिरी, शेंड्यापासून वाळलेल्या खजुरी. वरून मुरलेलं गोडं पाणी हे त्या खाऱ्या पाण्याला रेटून धरणारी भिंत आहे.

इथपर्यंत झाला माझा नकाशा. दुसरा नकाशा पुराचा. 2007 च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळ ओमानवर आलं. डोंगरात काही ठिकाणी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, पन्नासच्या आसपास माणसं गेली आणि मस्कतचा कुरुम हा भरवस्तीचा भाग वादीच्या लोंढ्याखाली आला. त्यानंतर पुराच्या नकाशांना जोर आला. आमच्याच इमारतीत, दोन मजले वर, ते काम चालायचं. एकाच गिऱ्हाइकाच्या दोन खात्यांसाठी, पण दोन निविदा, दोन फायली. आम्ही लिफ्टमध्ये भेटायचो, क्रिकेटवर बोलायचो. माझा नकाशा पूर्ण झाल्यावर एका दुपारी सहज म्हणून त्यांच्या थरावर माझा थर ठेवून बघितला. जिथे त्यांचा गडद लाल, धोका, तिथेच माझा गडद हिरवा. डोंगर संपून मैदान सुरू होतं, वादी दरीतून बाहेर पडून पंख्यासारखी पसरते, बरोबर तो पट्टा.

खरं तर न बघताही कळायला हवं होतं. उतार कमी झाला की पाणी पसरतं, म्हणून पूर. उतार कमी झाला की पाणी रेंगाळतं, म्हणून मुरणं. एकच कारण, दोन फायली. आणि त्याच पट्ट्यावर बिल्डरचाही डोळा, कारण जमीन सपाट, स्वस्त आणि रस्त्यालगत! तिथे काँक्रीट ओतलं की पूर खाली ढकलला जातो आणि विहिरी कोरड्या पडतात, दोन्ही एकदम. ओमानची जुनी गावं बघा, किल्ला आणि घरं वर, उंचवट्यावर. खाली वादीच्या काठानं खजूर. त्यांच्याकडे दोन खाती नव्हती.

मात्र लाल आणि हिरवा कायम एकमेकांवर बसतात असंही नाही, आणि हे मी शिकले ते राजस्थानच्या उदाहरणातून. 2006 च्या ऑगस्टमध्ये बाडमेर जिल्ह्यात, थरच्या वाळवंटात, वर्षभरात पडत नाही एवढा पाऊस दोन-तीन दिवसांत पडला. शंभरहून जास्त माणसं दगावली. कवास नावाचं गाव कोरड्या पडलेल्या रोहिली नदीच्या वाटेवर वसलेलं होतं, ते पाण्याखाली गेलं. आता तुम्ही म्हणाल, वाळवंट आहे, वाळू आहे, आठवड्यात पाणी मुरेल. नाही मुरलं. वाळूखाली जिप्समचा थर होता, पाणी खाली जाऊ न देणारा. महिनोन्‌महिने गावात तळं साचून राहिलं. नुसता वरचा नकाशा बघितला असता तर मीही तिथे हिरवा रंग भरला असता.

आपल्या दख्खनच्या कातळाचंही तसंच आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बेसाल्ट. केंद्राच्या भूजल मोजणीच्या निकषांत झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाचं शेकडा 7 पाणी मुरतं असं धरतात. गंगेकाठच्या गाळाच्या मैदानात 22. म्हणजे आपल्याकडे मुरणाऱ्या जागा मोजक्याच. एखादा भेगाळलेला पट्टा, ओढ्याच्या काठचा वाळूचा भाग, जिथे उन्हाळ्यात बायका झिरे काढून पाणी भरायच्या. त्या मोजक्या जागा घालवल्या तर दुसऱ्या मिळणार नाहीत. आणि पुराचं म्हणाल तर 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीनं सोलापूर-धाराशिवकडच्या दुष्काळी गावांत काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आपल्याकडे पूररेषा आखतात. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या "100 वर्षांतून एकदा"नं मोठा घोळ होतो. एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात, असं लोक समजतात. तसं नसतं. दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, गेल्या वर्षी येऊन गेला असला तरी. तुम्ही लाल रेषेवर घर घेतलं आणि त्याचं कर्ज 30 वर्षं फेडणार असाल, तर तेवढ्या मुदतीत तो पूर दारात येण्याची शक्यता चारात एक. बँकेचा माणूस हे सांगत नाही.

मी परत आल्यावर गावच्या ओढ्याचा नकाशा करायला घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, हौस म्हणून. या वेळी लाल आणि हिरवा एकाच कागदावर. शाळेच्या भिंतीवर तो लावून दाखवला. सरपंच, तलाठी, शाळेची पोरं, सगळे बघून मान डोलवत होते. मागे बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी उठल्या, काठी टेकत पुढे आल्या आणि भिंतीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पोरी, वढा हितनं न्हाई. चिंचंच्या बुडातनं जातूय त्यो. माझं लगीन झालं त्या साली तिथनंच आमचा बैल गेला."

पोरं हसली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखाली गेले. दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे दगड रोवलेले, मधे पाच-सहा पावलं रुंद घळ, तळाला जाड वाळू. उपग्रहाच्या आकड्यांतला एकेक चौकोन 30 मीटरचा असतो. त्यात ती घळ मावलीच नव्हती. मी पिशवीतून कडी काढली आणि आप्पा शेजारच्या विहिरीवरून पाण्याची घागर घेऊन आले.