अंबाझरीचा काठ

(पडद्यावर उपग्रहचित्र. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

हा अंबाझरी तलाव. नागपूरच्या पश्चिमेचा काळपट निळा डाग. पूर्वेच्या बांधापलीकडून नाग नदी शहरात शिरते. आणखी जवळ गेलो की डागाचा काठ फुटतो आणि चौकोन उरतात. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात यातला एकेक चौकोन म्हणजे जमिनीवरचे १० मीटर बाय १० मीटर. त्यात साठवलेला असतो एक आकडा, तिथून किती प्रकाश परतला त्याचा. हे रास्टर. नाग नदी इथं जेमतेम एक-दोन चौकोनांची, तीही काठची झाडं आणि छपरं मिसळलेली.

(निळी रेष उमटते.)

ही रेषही नाग नदीचीच, पण व्हेक्टर. संगणकाकडे आता चित्र नाही, बिंदूंचे अक्षांश-रेखांश आहेत. कितीही जवळ जा, तो रेष नव्यानं काढतो. म्हणून ती इतकी ठाम दिसते. त्या ठामपणाला भुलू नका. कुणीतरी असंच एखादं चित्र समोर ठेवून माउसनं एकेक बिंदू टिपलेला असतो. घाई झाली, की नदी कुणाच्या तरी अंगणातून जाते.

(क्यूजीआयएसचा पडदा.)

हे क्यूजीआयएस. नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर, २००२ पासूनचं. रास्टर आणि व्हेक्टर इथं थरांसारखे एकावर एक बसतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाचं हेच होतं: चित्राचा थर वर राहतो, नदी गायब, आणि मागून कुणीतरी विचारतं, "काऊन दिसत नाही बाप्पा?" चित्र खाली ओढायचं, बस्स.

दुसरी फजिती मोठी. प्रभागांच्या हद्दीची फाइल अंशांत असते, आपण सांगतो मीटर. मग ७९ अंश पूर्व, २१ अंश उत्तर हे सॉफ्टवेअर ७९ मीटर आणि २१ मीटर समजतं. यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरांत मोजायची पद्धत. तिच्यातल्या नागपूरच्या पट्ट्यात, म्हणजे ४४ उत्तरमध्ये, तो बिंदू पडतो विषुववृत्ताजवळ, हिंदी महासागरात. सगळं शहर पाण्यात!

(पुन्हा तलाव. पाण्यावर हिरवा थर.)

आता खरी अडचण. पाणी ओळखायचं तर निअर-इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बघतात. पाणी तो प्रकाश गिळतं, पानं परतवतात. अंबाझरीवर जलपर्णी पसरली, की सॉफ्टवेअर तिला जमीन समजतं. पाणी असतं तेवढंच, तलाव मात्र नकाशावर आक्रसतो. तिथं काठ माणसालाच काढावा लागतो.

आणि २३ सप्टेंबर २०२३. रात्रीच्या पावसानं अंबाझरी ओसंडला, खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. ढग असले, की सेंटिनेल-२ सारखा कॅमेरा खालचं काहीच पाहू शकत नाही. रडारचा उपग्रह ढगांआडून पाहतो, पण दाटीच्या वस्तीत घराघरांतलं पाणी त्यालाही नीट उमगत नाही. मग भिंतीवरच्या ओलीची खूण शोधायची, मोबाइलवर जागा टिपायची आणि नकाशावर टिंब द्यायचं.

(एक टिंब. मग शेजारी दुसरं.)